रोझेशियाचे क्रीम चेहऱ्यावर लावताना: तयारी, क्रम आणि वारंवार होणाऱ्या चुका

रोझेशियासाठी, म्हणजे चेहऱ्यावर लाली आणि पुटकुळ्या आणणाऱ्या त्वचेच्या आजारासाठी, लिहून दिलेले क्रीम ‘मला लागूच पडले नाही’ असे सांगणाऱ्याला ते नेमके कसे लावत होता असे शांतपणे विचारले, की उत्तरात बहुधा त्याच त्या गोष्टी येतात. चेहरा धुतल्याबरोबर ओल्या त्वचेवर लावले. फक्त पुटकुळ्यांवर ठिपके दिले. आग झाली म्हणून चौथ्या दिवशी सोडून दिले. आणि ती आग शमवण्यासाठी घरात आधीपासून पडलेले दुसरेच एक मलम चोळले. यांतली शेवटची चूक सर्वांत महागात पडते, कारण ते दुसरे मलम पुष्कळदा स्टिरॉइडचे असते आणि स्टिरॉइडने रोझेशिया बळावतो.

पहिली चूक मी स्वतः केलेली आहे. धुतलेल्या चेहऱ्यावर लगेच जेल लावल्यावर गालांची अशी आग झाली, की मी ट्यूब खणात टाकून दिली आणि तीन आठवडे औषधालाच दोष देत राहिले. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी एकच बदल सांगितला: चेहरा टिपल्यावर १५ मिनिटे थांबा, मग लावा. तीच ट्यूब मी नंतर शेवटपर्यंत वापरली.

हा लेख निदानासाठी नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी चेहरा पाहून रोझेशिया असल्याचे सांगितले आहे, चिठ्ठीवर क्रीम किंवा जेल लिहिले आहे आणि ट्यूब हातात आली आहे, इथून पुढचे काम खाली क्रमाने दिले आहे. निदान अजून झालेलेच नसेल, तर आधी ते करून घ्यावे. मुरुमे, सेबोऱ्हिक डर्माटायटिस (तेलकट जागी लाली आणि पापुद्रे आणणारा त्वचेचा दाह), एखाद्या प्रसाधनाची ॲलर्जी आणि ल्युपससारखा (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते असा) आजार यांतही गाल लाल होतात आणि त्या प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

टप्पा १: ट्यूबवरचे नाव, टक्केवारी आणि वेळ वाचा

‘रोझेशियाचे क्रीम’ असे एकच औषध नसते. चिठ्ठी आणि ट्यूब शेजारी ठेवून औषधाचे मूळ नाव जुळवून पाहा. व्यापारी नाव वेगळे असले तरी चालते, पण मूळ नाव आणि टक्केवारी तीच हवी.

पुरळ आणि पुटकुळ्या कमी करण्यासाठी दिली जाणारी नेहमीची तीन औषधे अशी आहेत. मेट्रोनिडाझोल ०.७५ टक्के असेल तर ते बहुधा दिवसातून दोनदा आणि १ टक्का असेल तर एकदा लावतात. अझेलाइक ॲसिडचे १५ टक्क्यांचे जेल दिवसातून दोनदा लावतात. आयव्हरमेक्टिनचे १ टक्क्याचे क्रीम दिवसातून एकदाच लावायचे असते. ही तिन्ही औषधे दाह हळूहळू कमी करतात. आयव्हरमेक्टिन त्याशिवाय त्वचेच्या छिद्रांत राहणाऱ्या डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्यांवरही काम करते. हे किडे जवळजवळ सर्वांच्याच चेहऱ्यावर असतात, रोझेशियात त्यांची संख्या पुष्कळदा वाढलेली आढळते. त्यामुळे हे नाव वाचून स्वतःच्या स्वच्छतेबद्दल मनात काहीही आणण्याचे कारण नाही.

दुसरा गट निव्वळ लालीसाठीचा आहे: ब्रिमोनिडिनचे ०.३३ टक्क्यांचे जेल आणि ऑक्सिमेटाझोलिनचे १ टक्क्याचे क्रीम. ती त्वचेखालच्या बारीक रक्तवाहिन्या काही तासांपुरत्या आकुंचित करतात. लाली दिवसभर उतरते आणि औषधाचा अंमल संपला की परत येते. पुटकुळ्यांवर त्यांचा उपयोग नाही. उलट, पहिल्या गटातले औषध लावून संध्याकाळपर्यंत लाली जाईल अशी अपेक्षा ठेवली, तर निराशा ठरलेलीच. चिठ्ठीवर दोन्ही गटांतले एकेक औषध असेल, तर कोणते कशासाठी आहे हे ट्यूबवरच पेनाने लिहून ठेवावे.

गालांवर आणि नाकाच्या कडेने दिसणाऱ्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेषा यांपैकी कोणत्याही क्रीमने जात नाहीत. त्यांच्यासाठी लेझर किंवा तशाच प्रकाशकिरणांचे उपचार असतात आणि ते कधी करायचे हे डॉक्टर ठरवतात. हे आधीच माहीत असले, की चांगले चाललेले क्रीम ‘रेषा गेल्या नाहीत’ म्हणून अर्ध्यावर सोडले जात नाही.

इशारा: ब्रिमोनिडिन डोळ्यांच्या थेंबांतही असते आणि ऑक्सिमेटाझोलिन नाकात घालण्याच्या थेंबांत. नाव तेच आहे म्हणून ते थेंब चेहऱ्यावर चोळू नयेत, आणि चेहऱ्याचे जेल डोळ्यांत किंवा नाकात जाऊ देऊ नये. प्रमाण आणि घडण दोन्ही वेगळी असतात. आयव्हरमेक्टिनच्या जनावरांसाठीच्या औषधाचा तर चेहऱ्याशी काहीही संबंध येऊ देऊ नये.

टप्पा २: सुरुवात करण्यापूर्वी डॉक्टरांना या गोष्टी सांगा

तपासणीच्या खोलीत घाई असते आणि आपणही चेहऱ्याविषयीच बोलत राहतो, त्यामुळे औषधाच्या दृष्टीने महत्त्वाच्या गोष्टी सांगायच्या राहून जातात. राहिल्या असतील, तर ट्यूब उघडण्याआधी फोन करून सांगाव्यात.

गर्भधारणा असेल, तिचा विचार चालू असेल किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते सांगावे. औषधाची निवड त्यावरून बदलू शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल, तर मेट्रोनिडाझोल लावण्याआधी ते कळवणे आवश्यक आहे. हे औषध पोटात घेतल्यावर वॉरफरिनचा परिणाम वाढवते आणि त्वचेतून शरीरात जाणारा अंश अगदी थोडा असला, तरी सांगून ठेवण्यातच शहाणपण आहे. हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास, थंडीत बोटे पांढरी-निळी पडण्याचा रेनॉडचा त्रास किंवा नैराश्यावरच्या गोळ्या असतील, तर लालीच्या औषधांपूर्वी हे सगळे डॉक्टरांना माहीत असले पाहिजे.

आता स्टिरॉइडबद्दल सविस्तर, कारण सर्वाधिक घोळ इथेच होतो.

चेहऱ्यावर पूर्वी किंवा सध्या कोणतेही ‘गोरेपणाचे’, ‘डागांचे’, ‘खाजेचे’ किंवा ‘बुरशीचे’ क्रीम लावले असेल, तर त्याची ट्यूब शोधून तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते स्टिरॉइड आहे. पुष्कळदा ते एकटे नसते. बुरशीच्या, जंतूंच्या किंवा डागांच्या औषधाबरोबर मिसळलेले असते आणि म्हणून लक्षात येत नाही. असे मलम रोझेशियाच्या लालीवर लावले, की रक्तवाहिन्या आकसतात आणि पहिले काही दिवस चेहरा खरोखर सुधारल्यासारखा दिसतो. तेच त्याचे आमिष. काही आठवड्यांनी त्वचा पातळ आणि नाजूक होते, पुटकुळ्या वाढतात, लावणे एक दिवस चुकले तरी चेहरा पेटतो आणि मग तो शांत करण्यासाठी पुन्हा तेच मलम लावावे लागते.

असे मलम महिनोन्महिने लावलेले असेल, तर ते थांबवल्यावर काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसू शकतो. नेमक्या त्याच आठवड्यांत रोझेशियाचे नवे क्रीम सुरू झालेले असते आणि दोष त्याच्या माथी येतो. म्हणून किती महिने लावले हे लपवू नये. थांबवायचे कसे, एकदम की हळूहळू, आणि मधल्या काळात काय द्यायचे, हे डॉक्टरांना ठरवता आले पाहिजे. यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. चांगल्या हेतूने कोणीतरी सुचवलेले असते आणि आपणही विश्वासाने लावलेले असते.

तपासा: चेहऱ्याला लागणारी प्रत्येक ट्यूब, डबी आणि बाटली एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे नेली आहे का? नावे आठवून सांगण्यापेक्षा ही पिशवी पुढे ठेवणे केव्हाही चांगले.

टप्पा ३: आधी त्वचा शांत करा

शक्य असेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर औषध सुरू करण्याआधी एक ते दोन आठवडे चेहऱ्यावर फक्त तीनच गोष्टी ठेवाव्यात: सौम्य, बिनवासाचा, साबणरहित क्लेन्झर, बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन. रोझेशियात त्वचेचा वरचा संरक्षक थर आधीच कमकुवत झालेला असतो. तो थोडा सावरला, की औषध कमी झोंबते.

या काळात आणि पुढेही काय बंद ठेवायचे ते स्पष्ट सांगते. दाणेदार स्क्रब, चेहरा घासण्याचे ब्रश, टोनर, आफ्टरशेव्ह, अल्कोहोलयुक्त पुसणी, मेंथॉल, कापूर किंवा निलगिरी तेल असलेली कोणतीही वस्तू, ग्लायकोलिक आणि सॅलिसिलिक ॲसिडची सीरमे, रेटिनॉल, सुगंधी क्रीम, लिंबाचा रस, टूथपेस्ट. ‘थंडावा देते’ असे लिहिलेल्या वस्तूंबाबत विशेष सावध राहावे. तो थंडावा बहुधा मेंथॉलचा असतो आणि रोझेशियाच्या त्वचेला तो झोंबतो. चेहऱ्याला वाफ देणेही थांबवावे. छिद्रे ‘मोकळी’ करण्यासाठी घेतलेली वाफ इथे फक्त उष्णता देते आणि उष्णतेने लाली भडकते.

दाढी करणाऱ्यांनी ती औषध लावण्याच्या बऱ्याच आधी करावी, केस वाढतात त्या दिशेनेच ब्लेड फिरवावे आणि जमल्यास इलेक्ट्रिक शेव्हर वापरावा. नुकत्याच केलेल्या दाढीवर औषध लावले, तर ते बारीक ओरखड्यांत शिरून जबर आग करते.

याच दिवसांत पहिला फोटो काढून ठेवा. खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, समोरून आणि दोन्ही बाजूंनी, आणि दर वेळी त्याच जागी उभे राहून. सावळ्या किंवा गडद त्वचेवर लाली लालसर न दिसता तपकिरी, जांभळट किंवा नुसतीच काळवंडलेली दिसते, त्यामुळे केवळ फोटोवर भिस्त ठेवता येत नाही. अशा वेळी गाल हाताला गरम लागतो का, दिवसातून किती वेळा चुरचुरतो आणि पुटकुळ्या किती आहेत, हे वहीत दोन ओळींत लिहावे. सुधारणा इतकी हळू होते, की रोज आरशात पाहणाऱ्याला ती दिसतच नाही.

टप्पा ४: थोड्या जागेवर चाचणी घ्या

जबड्याच्या कडेला, कानाच्या थोडे पुढे, नाण्याएवढ्या जागेवर औषधाचा पातळ थर सलग दोन-तीन दिवस, दिवसातून एकदा लावून पाहा. हलके चुरचुरणे चालेल. सूज, पुरळ, पाणी भरलेले फोड किंवा दुसऱ्या दिवशीही टिकणारी तीव्र खाज आली, तर चेहऱ्यावर न लावता डॉक्टरांना कळवा.

टप्पा ५: रोजचा क्रम

हा क्रम पाठ होईपर्यंत आरशाशेजारी लिहून लावावा.

१. हात धुवा. क्रीम बोटांनीच लावायचे आहे, कापसाने किंवा स्पंजने नाही; ते निम्मे औषध पिऊन टाकतात.

२. चेहरा कोमट पाण्याने धुवा. गरम पाण्याने नव्हे आणि बर्फासारख्या थंडही नव्हे. क्लेन्झर बोटांच्या टोकांनी हलके फिरवा आणि पूर्ण निघेपर्यंत पाणी घ्या. टॉवेलने चोळू नका. मऊ, सुती कापड चेहऱ्यावर दाबून पाणी टिपून घ्या.

३. १० ते १५ मिनिटे थांबा. चेहरा कोरडा ‘दिसणे’ आणि कोरडा ‘असणे’ यांत फरक आहे. ओलसर त्वचेतून औषध भराभर आत जाते आणि म्हणून जास्त झोंबते. नाकाच्या पाळ्यांच्या बाजूला आणि हनुवटीच्या खळग्यात पाणी सर्वांत शेवटी सुकते. तिथे बोट लावून पाहा.

४. पाच ठिपके द्या. कपाळ, नाक, हनुवटी, उजवा गाल, डावा गाल. आयव्हरमेक्टिनच्या क्रीमसाठी प्रत्येक भागाला मटारच्या लहान दाण्याएवढे क्रीम हे नेहमीचे माप आहे. मेट्रोनिडाझोल आणि अझेलाइक ॲसिडसाठी चिठ्ठीत सांगितल्याप्रमाणे, पण थर नेहमी पातळच. हे ठिपके आधी देण्याचे कारण असे, की सगळे क्रीम एका बोटावर घेऊन सुरुवात केली, तर पहिल्या गालावर थर बसतो आणि दुसऱ्यापर्यंत पोहोचेतो बोट कोरडे झालेले असते.

५. भागभर पसरा. हे औषध पुटकुळीला लावण्याचे नाही, भागाला लावण्याचे आहे. आज जिथे पुटकुळी दिसत नाही, त्या त्वचेतही दाह असतोच. डॉक्टरांनी एखादाच भाग सांगितला असेल तर तेवढाच. चोळून जिरवू नका; बोट हलके ठेवून मधून बाहेर न्या. नीट लागलेले क्रीम दोन-तीन मिनिटांत दिसेनासे होते. पांढरा थर उरला असेल, तर ते जास्त झाले.

६. या जागा सोडा. पापण्या, डोळ्यांच्या अगदी कडा, ओठ, ओठांचे कोपरे, नाकपुडीची आतली बाजू, आणि जिथे त्वचा कापलेली, सोलवटलेली किंवा उन्हाने भाजलेली असेल ती जागा.

७. पुन्हा हात धुवा. हे सर्रास विसरले जाते आणि थोड्या वेळाने त्याच हाताने डोळा चोळला जातो. औषध डोळ्यात गेलेच, तर भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर ती काढा. जळजळ थांबली नाही, तर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

८. सुकू द्या, मग मॉइश्चरायझर. पाचेक मिनिटांनी, औषध जिरल्यावर लावा. त्वचा फारच हळवी असेल, तर आधी मॉइश्चरायझर आणि त्यावर औषध असा उलटा क्रम डॉक्टर काही दिवस सुचवतात. तो त्यांना विचारूनच करावा.

९. सकाळी शेवटी सनस्क्रीन, त्यावर हवा असल्यास मेकअप. एसपीएफ ३० किंवा अधिक, आणि शक्यतो झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडवर आधारलेले, कारण ते कमी झोंबते. गडद त्वचेवर त्याचा पांढरट थर दिसतो. त्वचेच्या रंगाची छटा असलेले सनस्क्रीन घेतले, की ही अडचण उरत नाही. बाहेर असताना दर दोन तासांनी पुन्हा लावावे. ऊन हे रोझेशिया भडकण्याच्या सर्वांत सामान्य कारणांपैकी एक आहे. रोज मन लावून औषध लावायचे आणि उन्हात उघड्या चेहऱ्याने फिरायचे, यात औषधावर अन्याय होतो.

तपासा: एक वेळ चुकली, तर पुढच्या वेळी दुप्पट लावू नका, नेहमीएवढेच लावा. जास्त लावल्याने रोझेशिया लवकर बरा होत नाही, फक्त त्वचा जास्त चिडते.

टप्पा ६: पहिले आठवडे कसे ओळखायचे

पहिल्या दोन-चार आठवड्यांत काय होणे स्वाभाविक आहे आणि काय नाही, एवढे समजले तर अर्धे लोक औषध सोडणार नाहीत.

अझेलाइक ॲसिड लावल्यावर काही मिनिटांत मुंग्या आल्यासारखे, चुरचुरल्यासारखे होते आणि थोड्या वेळाने ते ओसरते. पहिल्या काही आठवड्यांत हा त्रास सहसा कमी होत जातो. मेट्रोनिडाझोलने थोडी कोरडेपणाची भावना येऊ शकते. आयव्हरमेक्टिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्याच्या सुमारास काहींच्या चेहऱ्यावर पुरळ थोडे वाढते आणि मग उतरते. हे सगळे सोसण्याजोगे असेल, तर चालू ठेवायचे.

मी एक साधी कसोटी वापरते: झोंबणे घड्याळात पाहायचे. अर्ध्या तासाच्या आत उतरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा नेहमीसारखा वाटला, तर पुढे जायचे. तासन्‌तास टिकले, सकाळी चेहरा ताणल्यासारखा आणि पापुद्रे सुटलेला असेल, तर त्या दिवशी औषध न लावता फक्त मॉइश्चरायझर लावायचे आणि डॉक्टरांना फोन करायचा. ते बहुधा एक दिवसाआड लावायला सांगतात आणि मग हळूहळू रोजवर आणतात. आठवड्यातून तीनदा नेमाने लावलेले औषध हे चार दिवस रोज लावून कायमचे सोडलेल्या औषधापेक्षा कितीतरी बरे.

अझेलाइक ॲसिड वापरताना सावळ्या त्वचेच्या व्यक्तींनी आणखी एक लक्ष ठेवावे. लावलेल्या जागी त्वचेचा रंग फिकट होताना दिसला, तर थांबून दाखवावे.

इशारा: चेहरा, ओठ किंवा जीभ सुजणे, अंगभर गांधी उठणे, श्वास घेताना त्रास होणे, यांपैकी काहीही झाले तर ती ॲलर्जी समजून औषध धुऊन टाका आणि ताबडतोब तातडीची वैद्यकीय मदत घ्या. इथे फोनवर सल्ला विचारण्यात वेळ घालवू नये.

टप्पा ७: लाली उतरवणारे जेल वेगळ्या शिस्तीने वापरा

ब्रिमोनिडिनचे जेल दिवसातून एकदाच, सहसा सकाळी लावतात. चेहऱ्याच्या त्याच पाच भागांवर मिळून दिवसाला १ ग्रॅमपेक्षा जास्त नाही, म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब महिन्याच्या आत संपत असेल, तर प्रमाण चुकते आहे. परिणाम साधारण अर्ध्या तासात दिसू लागतो, काही तासांनी सर्वांत जास्त असतो आणि सुमारे १२ तासांपर्यंत टिकू शकतो.

यात एक खाच आहे. काही जणांना औषधाचा अंमल उतरताना लाली मूळच्यापेक्षाही जास्त चढते, कधी पूर्वी लाल न झालेल्या जागीही येते. म्हणून पहिला आठवडा अगदी थोडे जेल घेऊन, थोड्या भागावर आणि घरी असण्याच्या दिवशी सुरुवात करावी. समारंभाच्या सकाळी पहिल्यांदा हे जेल लावणे ही मी पाहिलेली फार वाईट कल्पना आहे. लाली उलटून आली, तर ती दाबण्यासाठी दुसऱ्यांदा लावू नये. थंड, ओले कापड हलके ठेवावे, त्या दिवसापुरते औषध बंद करावे आणि डॉक्टरांना सांगावे. लेझरसारखा उपचार नुकताच झाला असेल आणि त्वचा अजून भरून आली नसेल, तर हे जेल लावू नये.

जेल थरावर थर देऊन बसवू नका. एकसारखे पसरले नाही, तर चेहऱ्यावर पांढरट आणि लाल पट्टे दिसतात. दुसरे औषध किंवा मॉइश्चरायझर त्यावर लावायचे असेल, तर जेल पूर्ण सुकल्यावरच.

इशारा: ही ट्यूब मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा. ब्रिमोनिडिन लहान मुलाच्या पोटात गेले, तर गुंगी येणे, श्वास मंदावणे असे गंभीर परिणाम होऊ शकतात; पोटात गेल्यास लगेच रुग्णालयात न्यावे. औषध लावलेल्या गालाला बाळाचे तोंड लागणार नाही, याचीही काळजी घ्यावी.

टप्पा ८: डोळ्यांकडे दुर्लक्ष करू नका

रोझेशिया डोळ्यांतही उतरतो आणि कधी चेहऱ्याच्या आधीच तिथे दिसतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपणे, कडा लाल होणे, सारखी रांजणवाडी येणे, डोळे कोरडे पडून चुरचुरणे ही त्याची लक्षणे आहेत. चेहऱ्याचे क्रीम पापणीच्या कडेला लावून हे बरे होत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना ‘मला रोझेशिया आहे’ असे स्वतःहून सांगावे, नाहीतर दोन्ही त्रासांचा संबंध जोडायचा राहून जातो. डोळा दुखणे, उजेड सहन न होणे किंवा नजर धूसर होणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी दाखवावे.

टप्पा ९: किती दिवस, आणि चेहरा स्वच्छ झाल्यावर काय

पुरळावरच्या औषधांचा पहिला फरक साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात जाणवू लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. तोपर्यंत औषध बदलू नये आणि त्यात दुसरे काही मिसळूही नये. १२ आठवडे नेमाने लावून काहीच फरक नसेल, तर मात्र ओढत राहू नये. पुन्हा भेट घ्यावी. औषध बदलणे, पोटात घेण्याच्या गोळ्या जोडणे किंवा निदान पुन्हा तपासणे, असे पर्याय डॉक्टरांपुढे असतात.

या काळात चेहरा कशाने भडकतो याची नोंद ठेवली, तर पुढे ती फार कामी येते. ऊन, उकाडा, गरम पेय, तिखट, मद्य, जोराचा व्यायाम, बोचरा वारा, मनावरचा ताण ही नेहमीची कारणे असली, तरी प्रत्येकाला यांतली सगळी लागू नसतात. सगळेच सोडून देण्यापेक्षा आपली दोन-तीन कारणे ओळखावीत. गरम पेय भडकवत असेल, तर पुष्कळदा ते कोमट करून घेतले की पुरते.

चेहरा स्वच्छ झाला, की पहिला मोह औषध बंद करण्याचा होतो. रोझेशिया दीर्घकाळ रेंगाळणारा आजार आहे आणि एकदम थांबवल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी तो परतणे अगदी सामान्य आहे. त्यामुळे ‘बरे झाले, आता सोडू का?’ हा प्रश्न स्वतःला न विचारता डॉक्टरांना विचारावा. काहींना ते औषध कमी वेळा लावत ठेवायला सांगतात, काहींना थांबवून नुसती देखरेख. थांबवायला सांगितले, तरी क्लेन्झर, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन चालूच ठेवायचे असते.

उरलेली ट्यूब झाकण घट्ट लावून, वेष्टनावर लिहिलेल्या तापमानात ठेवावी आणि उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी. घरात दुसऱ्या कोणाचे गाल लाल दिसले, तरी ती त्यांना देऊ नये. पुढच्या भेटीला जाताना हीच ट्यूब, महिन्यांच्या क्रमाने लावलेले फोटो आणि वहीची ती पाने बरोबर न्यावीत, आणि त्या दिवशी सकाळी मेकअप करू नये. डॉक्टरांना चेहरा आहे तसा दिसला पाहिजे.